तस्लीमचे दोन तास

“म्हणजे तिला दोन तास आणि मला पाच मिनिटं. हे कुठल्या न्यायानं, सर?”

खातूसरांनी मान वर केली नाही. तिकिटाच्या खिडकीबाहेर एक म्हातारा उभा होता. त्याचं आधी व्हायला हवं होतं.

“पलीकडं एक द्या,” म्हातारा म्हणाला.

“पलीकडं कुठं निघालात?”

म्हाताऱ्याला दाढ काढून घ्यायची होती. सरांनी त्याला दवाखान्याच्या लाँचचं तिकीट दिलं. आत्ता ओहोटी आहे, तेव्हा लाँच जुन्या पायऱ्यांना लागेल, सावकाश चालत गेलात तरी पोचाल, असं सांगितलं. परत येताना तोंडात कापूस असेल, बोलता यायचं नाही, म्हणून परतीचं तिकीटही आत्ताच त्याच्या हातात ठेवलं.

मिहीर आंब्रे खिडकीच्या आत, सरांच्या पाठीशी उभा होता. यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही. त्याच्या डोक्यात दोन तास होते. तस्लीमचे दोन तास.

खातूसर तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये सव्वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता क्लास काढतील. सर खाडीवर येऊन लाँच सोसायटीच्या खिडकीत तिकिटं फाडत बसले. जुने विद्यार्थी काम घेऊन तिथंच येतात. सर बघतात, शेंगदाणे पुढं करतात आणि फार कमी बोलतात.

या खाडीच्या पलीकडं दोन धक्के आहेत, एक बाजाराचा आणि एक दवाखान्याचा. दोन्हीकडं वेगळी लाँच जाते. त्यात ओहोटी असली की दवाखान्याची लाँच मोठ्या जेटीला लागत नाही, दहा मिनिटांवरच्या जुन्या पायऱ्यांना लागते. खाडीकाठच्यांना हे पाठ आहे. डोंगरावरच्या वाड्यांतून येणारा माणूस हमखास चुकतो.

म्हणून सोसायटीनं ठरवलं की फोनवर बघता येईल अशी एक वेबसेवा करून घ्यायची. सरांच्या दोन विद्यार्थ्यांनी ती केली, दोघांनी वेगवेगळी. सोमवारी सर त्यातलं एक नाव सांगणार होते. आज शनिवार होता.

मिहीरनं यासाठी पुण्यातली नोकरी सोडली होती. हे तो कुणाला सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत होतं.

त्याची सेवा चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. ती माणसाला काहीही विचारत नसे. उन्हात फोन उघडला की अक्षरं आपोआप जाड आणि काळीभोर होत. नेटवर्क गेलं की चित्रं गळून पडत आणि नुसती वेळ उरे. फोनची भाषा कोणती, वार कोणता, पाणी चढतंय की उतरतंय, या फोनवर आधी काय काय बघितलं गेलंय, हे सगळं जोखून ती ठरवी की हा माणूस कोण. मग त्याला लागेल तेवढंच दाखवी. बाकीचं झाकून टाकी. या झाकण्याचा मिहीरला फार अभिमान होता.

तस्लीम परकारच्या सेवेत एकच प्रश्न होता. कुठं निघालात? खाली चार चित्रं. दवाखाना, बाजार, घर, फिरायला. संपलं.

मिहीरनं ते पाहिलं तेव्हा त्याला मनापासून हसू आलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यानं लिहिलं, ‘शाळेच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस नक्की.’ चारपाच जणांनी दात काढले. तस्लीमनं काही लिहिलं नाही.

आणि मग परवा एका खलाशानं सहज सांगितलं की तस्लीम आली होती. सर तिच्याबरोबर दोन तास बसले होते. तिला स्टूल दिलं होतं. चहा सरांनी स्वतः जाऊन आणला होता.

स्वतः!

मिहीरनं बराच विचार केला. सरांनी आपल्याला कधी चहा आणून दिल्याचं त्याला आठवेना. चहात आलं होतं का, हेसुद्धा त्यानं खलाशाला विचारून घेतलं. पोटात आग पडली की माणूस काय काय विचारतो. खलाशी बिचारा म्हणाला, आल्याचं काही बघितलं नाही.

म्हातारा गेला. सर वळले. शेंगदाण्यांची पुडी त्यांनी मिहीरपुढं केली. त्यानं घेतले नाहीत.

“तुझा प्रश्न काय होता?”

मिहीरनं सगळं ओकून टाकलं. तिला दोन तास, तिला स्टूल, तिला चहा. आणि मी वर्षभराचं काम तुमच्यापुढं ठेवलं तर तुम्ही पाच मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, यंत्र घरी ठेव आणि आठ दिवस जेटीवर बस. तिला नाही सांगितलंत बसायला. ऊन फक्त माझ्यासाठी होतं का?

“बसलास?”

“तीन दिवस.”

“यंत्र?”

मिहीर जरा घुटमळला. लॅपटॉप मांडीवर होता. कानात हेडफोन होते, कारण लाँचच्या इंजिनानं डोकं उठत होतं. पण त्या तीन दिवसांत त्यानं चारशे बारा फोनांची माहिती गोळा केली होती. किती जण इंग्रजी वापरतात, किती जणांचं नेटवर्क कुठं तुटतं. हे सगळं त्यानं सांगितलं.

सर ऐकत राहिले.

“सर, मला एवढंच कळतं की तुम्ही दोघांना सारखं वागवलं नाहीत.”

“तुझी सेवा दोन माणसांना सारखंच पान दाखवते?”

“नाही.”

“का?”

“कारण दोन माणसं सारखी नसतात. मुद्दाच तो आहे तिचा...”

सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मिहीर गप्प झाला. मात्र पटलं म्हणून नव्हे, चिडून.

तेवढ्यात खिडकीशी एक बाई आली. पन्नाशीची, धापा टाकत. एका हातात फडक्यात बांधलेला डबा, दुसऱ्या हातात फोन. डोंगरावरच्या वाडीतून उतरून आली होती आणि खाडीवर बऱ्याच वर्षांनी आली होती, हे तिच्या बघण्यावरूनच कळत होतं. नंतर समजलं की तिचं नाव द्वारकाबाई.

सरांनी तोंड उघडलं. मिहीरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांबा सर. तुम्ही काही बोलू नका. हिला माझी सेवा सांगेल.”

गुरूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प करणं, असं मिहीरच्या हातून एरवी झालं नसतं. पण मत्सराला कसलं भान? सरांनी मुकाट्यानं तोंड मिटलं. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

मिहीर बाहेर गेला. बाईचा फोन त्यानं अदबीनं मागून घेतला, खांबावरच्या क्यूआर कोडच्या पाटीसमोर धरला, सेवा उघडली आणि परत तिच्या हातात दिला. आता फक्त बघा मावशी, म्हणाला. आणि खिडकीतून सरांना दिसेल असा, हाताची घडी घालून उभा राहिला.

भर ऊन होतं. अक्षरं क्षणात जाड आणि काळीभोर झाली. मिहीरची छाती फुलली.

द्वारकाबाईंनी फोन जवळ नेला, लांब धरला. अक्षरं कितीही काळी असली तरी इंग्रजी होती. चित्र मात्र झकास होतं. निळं पाणी आणि त्यातून उडी मारणारा एक डॉल्फिन. खाली मोठ्या जेटीचा फोटो आणि तिच्याकडं जाणारा लाल बाण.

“मासा हाय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाणाकडं पाहिलं, जेटीकडं पाहिलं. एवढ्या शिकलेल्या माणसानं दाखवलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मनाशी म्हणाल्या असाव्यात. डबा सावरला आणि मोठ्या जेटीकडं, सहलीच्या बोटी लागतात तिकडं, भराभर चालू लागल्या.

मिहीर खिडकीशी आला. चेहरा उतरला होता, पण आवाज नव्हता उतरला. त्यानं खुलासा केला. फोन मुंबईत घेतलेला दिसतो, भाषा इंग्रजी, आत सगळी समुद्राची, हॉटेलांची चित्रं शोधलेली, त्यात आज शनिवार. सेवेनं पर्यटक धरलं. कुणीही धरलं असतं. फोन बहुतेक तिच्या मुलीचा जुना असेल, मुलीनं नवा घेतल्यावर आईला दिला असेल, आता हे सेवेला कसं कळणार? आणि पर्यटक म्हटल्यावर दवाखान्याची लाँच झाकली जाते, ते बरोबरच आहे.

सर बोलले नाहीत. सांगितल्याप्रमाणे.

“दोनतीनदा वापरलं ना सर, की सेवा माणूस ओळखायला लागते. शिकते ती.”

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. चार वाजत आले होते. चार दहाला जुन्या पायऱ्यांवरून दवाखान्याची लाँच सुटते. त्यानंतरची उद्या सकाळी.

“तिला एकदाच जायचंय,” सर म्हणाले.



खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्याच्या मनात द्वारकाबाई नव्हत्या. तस्लीम होती. हे आता तिला कळणार, सर तिला सांगणार, आणि ती काही न बोलता नुसती मान हलवणार. ती मान त्याला दिसली. त्या मानेनंच त्याला जास्त चटका बसला.

मग त्यानं जेटीकडं पाहिलं. बाई एका रंगीत बोटीपाशी उभी होती. बोटवाला तिला पिवळं जॅकेट घालायला देत होता आणि ती डबा कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं बघत होती.

मिहीर धावला.

“मावशी!” तो तिच्यापाशी पोचून कसाबसा म्हणाला. “मावशी, तुम्ही... कुठं निघालात?”

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्यानं ते ऐकले.

द्वारकाबाईंना तेवढंच हवं होतं. जॅकेट बोटवाल्याच्या हातात देऊन त्यांनी एका दमात सांगितलं. सुनेला सकाळीच दवाखान्यात नेलंय. पहिलंच बाळंतपण. मूल आडवं हाय म्हणतात, पाचला आत घेणार. पोरीला आई नाय. ती म्हणते, सासूबाई दिसल्याबिगर मी आत जायची नाय. ही पेज आणलीय, पण पेज आता देतील का नाय ठाऊक नाय. आणि भाऊ, हा मासा कशाला दाखवतायत मला?

मिहीरनं डबा तिच्या हातातून घेतला. दुसऱ्या हातानं तिचा हात धरला. जाळी वाळत घातलेल्या मैदानातून, सुकटीच्या ओट्यांना वळसा घालून, दोघं जुन्या पायऱ्यांकडं धावले. फोनवर काही चालू होतं, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती.

खलाशी फळी ओढून घेत होता. मिहीरनं लांबूनच ओरडून त्याला थांबवलं. द्वारकाबाई चढल्या. दाढेचा म्हातारा आधीच बसलेला होता, त्यानं सरकून जागा दिली. डबा मिहीरच्याच हातात राहिला होता, तो त्यानं फळीवरून वाकून दिला, तेव्हा एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला.

लाँच गेली.

तो परत आला तेव्हा सर खिडकीत होते. त्यांनी शेजारचं स्टूल पुढं सरकवलं. तेच स्टूल. मिहीर त्यावर बसला आणि बसल्याबसल्या त्याच्या मनात आलं, ती यावरच बसली होती. चिखलानं भरलेला पाय, घामानं भिजलेला शर्ट, नुकतीच एका बाईची वेळ गाठून दिलेली, आणि तरी मनात तेच! त्याची त्यालाच शरम वाटली. पण मत्सर गेला नाही. शरम आणि मत्सर शेजारी शेजारी बसून राहिले.

“सोमवारी तिचंच नाव सांगा,” तो म्हणाला.

सर तिकिटांचा गठ्ठा नीट करत होते.

“तो प्रश्न तिला कुठं सापडला असेल, सर? मी वर्षभर शोधतोय.”

“इथं. खिडकीबाहेर उभी राहायची, कॉलेजला जाताना. रोज.”

मिहीरला आपले हेडफोन आठवले.

पाणी उतरत होतं. चिखलात खेकडे बाहेर आले होते.

“दोन तास काय बोललात तिच्याशी?” मिहीरनं शेवटी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. “एवढं सांगा. मग मी पुन्हा विचारणार नाही.”

“तुझ्याबद्दल.”

“...माझ्याबद्दल?”

“उन्हात तिची चित्रं दिसत नाहीत. सगळा पडदा पांढरा होतो. बारा ते चार तिची सेवा कुणाच्या कामाची नाही. तुझी अक्षरं दिसतात. ते तू कसं केलंस, ते तिला हवं होतं.”

“तुम्ही सांगितलंत?”

“मला कुठं येतंय ते? दोन तास आम्ही दोघं डोकं खाजवत बसलो. मध्ये चहा आणला.”

इथं मिहीरला काय वाटलं ते लिहायला हवं. त्याला आनंद झाला. तिचं अडलंय, या एका गोष्टीनं त्याला आतून गार वाटलं. दोन दिवस पोटात जे पेटलं होतं ते विझलं. नंतर, जरा उशिरानं, त्याला दुसरी गोष्ट जाणवली. आज दुपारी द्वारकाबाईंच्या हातात तस्लीमची सेवा असती, तर त्यांना मासा दिसला नसता. पांढरा पडदा दिसला असता. दोघांपैकी कुणाचीच सेवा त्यांना जुन्या पायऱ्यांपर्यंत नेणारी नव्हती.

“मग मला का नाही विचारलं तिनं? नंबर आहे तिच्याकडं माझा.”

सरांनी त्याच्याकडं पाहिलं.

“गटावर तू काय लिहिलं होतंस?”

मिहीरनं मान खाली घातली. पायावरचा चिखल सुकू लागला होता. त्यानं तो नखानं खरवडला, थोडा वेळ.

“तिला वाटलं, तू हसशील,” सर म्हणाले. “मी म्हटलं, हसेल.”

पाचची बाजाराची लाँच जेटीला लागत होती. तस्लीमचं घर बाजारधक्क्यालगतच, मशिदीच्या मागं होतं. मिहीर उठला. लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. खिसा थरथरला म्हणून त्यानं फोन काढला. त्याच्याच सेवेनं त्याला ओळखलं होतं. फोन पुण्यात घेतलेला, भाषा इंग्रजी, वार शनिवार. निळ्या पाण्यातून डॉल्फिननं उडी मारली.

त्यानं फोन बंद केला आणि खिडकीला वळसा घालून बाहेर आला. बाजूनं नेहमीसारखा आत न शिरता, रांगेत उभा राहिला. पुढं दोन बायका होत्या. सरांनी त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, तिकिटं घेतली, गेल्या. आता मिहीर पुढं होता.

“पलीकडं एक, सर.”

सरांनी तिकीट फाडलं. पण दिलं नाही. दोन बोटांत धरून ठेवलं.

लाँचनं भोंगा दिला. मिहीरनं हात पुढं केलेला होता. तस्लीमला काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवलं होतं. ते अर्धं मदत करण्याचं होतं. उरलेलं अर्धं, आपल्याशिवाय तिचं अडलंच ना, ते तिच्या तोंडून ऐकण्याचं होतं. कुठलं अर्धं मोठं, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

“सर, लाँच सुटेल...”

“लाँच पलीकडं जाते, मिहीर,” खातूसर म्हणाले. “तू कुठं निघालास?”